वापीतली दुसरी देवकी

आमच्या पाड्यात टपालकाका म्हणून एक माणूस आहे. शेजारच्या रमणच्या पोरीच्या लग्नात त्याने आहेराचं पाकीट दिलं, तर त्याच्यावर दोन तिरक्या रेघा मारलेल्या आणि रेघांच्या मधे लिहिलेलं, ‘फक्त लग्नासाठी’. खाली सही आणि तारीख.

रमण पाकीट उलटंसुलटं करून बघत राहिला. म्हणाला, "काका, आहेर लग्नासाठीच असतो ना? मी काय याच्यावर म्हैस घेणार आहे?"

काका म्हणाला, "तू नाय घेणार. पण पाकिटावर नाव माझं आहे. उद्या ते कोणाच्या हातात जाईल, तुला ठाऊक आहे?"

मांडवातली माणसं हसली. मीपण हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला हसायला जागा राहिली नाही.

हा माणूस तीस वर्षं पोस्टमन होता. घोलवडच्या वाड्यांमधून सायकलवर फिरायचा. वाडी म्हणजे आमच्याकडे चिकूची बाग. माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहानच असेल, पण सगळा पाडा काका म्हणतो, म्हणून मीपण म्हणते. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईबरोबर राहिला, आता एकटा.

त्याला भीती चोराची नव्हती. घराला धड कडी नाही. त्याला भीती नावाची. कागदाची झेरॉक्स द्यायची झाली की पहिला प्रश्न, "कशासाठी?" गॅससाठी म्हटलं की रेघा मारून ‘फक्त गॅससाठी’. सत्यनारायणाची वर्गणी मागायला पोरं आली, तर पावतीवर ‘फक्त पूजेसाठी’. डहाणू रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे मशीनला नाक लावून उभा राहायचा. एखादी प्रत काळी आली, वाकडी आली, तर तीपण मागून घ्यायचा आणि घरी आणून चुलीत घालायचा. झेरॉक्सवाला म्हणायचा, "काका आले की माझ्या मशीनला घाम फुटतो."

"हस तू," काका त्याला म्हणायचा. "झेरॉक्स काढली की आपण दोन झालो. एक घरी बसतो. दुसरा कुठे फिरतो, काय करतो, त्याचा पत्ता लागत नाय."

त्याचं टॅक्सचं खातं होतं, कॉम्प्युटरवरचं. टॅक्स भरण्याएवढं त्याच्याकडे काही नाही. बँकेने ठेवीतून कापलेले थोडे पैसे परत मागायला उघडलेलं. पण राखायचा असा, जशी कोंबडी पिलं राखते. दर अमावास्येला त्याचा पासवर्ड बदलायचा. दार लावून घ्यायचा, खिडकी लावायचा. पाड्यातल्या बाया म्हणायच्या, कॅलेंडर कशाला बघता, काकाने दिवसाढवळ्या दार लावलं म्हणजे अमावास्या. आणि मोबाईलवर तो नंबरवाला मेसेज आला की टॉवेल डोक्यावरून घेऊन बघायचा, वाफारा घेतल्यासारखा.

आता माझं सांगते. मी देवकी. चौथीत शाळा सुटली, सही येते, मराठी अक्षर लागतं. नवरा वरोरच्या होडीवर खलाशी होता. एकदा गेला तो आला नाही. मी रडले आणि तिसऱ्या दिवशी चिकूवर गेले, कारण फळ थांबत नाही. एक मुलगी, ती लग्न होऊन सुरतेकडे गेली. पस्तीस वर्षं मी एकाच शेठच्या वाडीत चिकू धुते, घासते, निवडते. ह्यात सांगण्यासारखं काही नाही. सगळ्या बायांचं असंच असतं.

नोटा बंद झाल्या ते साल. आमचा मुकादम नारण शेडमध्ये येऊन म्हणाला, "आता मजुरी बँकेत जमा होणार. सगळ्यांचं पॅनकार्ड काढायचंय. आधारची झेरॉक्स आणा, फोटो आणा, मोबाईल नंबर सांगा." आम्ही चौदा बाया. एकीकडेही मोबाईल नाही. शेवंती म्हणाली, "मग नारणभाऊ, तुझाच लाव ना." नारणने लावला. आधारला पण तोच, पॅनला पण तोच, बँकेत पण तोच. चौदा बाया, एक नंबर. आम्हाला वाटलं, बरं झालं, काम मिटलं.

मी कागद घेऊन निघाले तेव्हा काका ओट्यावर बसला होता. "देवकीबाय, कशासाठी?"

"मजुरीसाठी."

"थांब, रेघा मारून देतो."

"तुझ्या रेघा तुझ्याकडे ठेव," मी म्हटलं. "मी कोण मोठी लागून गेले, माझं नाव चोरून कोण काय करेल?"

त्याने पेन परत खिशाला लावलं.

दोन वर्षं गेली. मग एक दिवस दुपारी पाकीट आलं. मला आयुष्यात तीन पत्रं आली असतील, तिन्ही मुलीची. हे पाकीट इंग्रजीत होतं. मी ते पदराखाली घालून काकाकडे गेले.

काकाने चष्मा लावला. आधी नाव वाचलं, मग आतलं पान वाचलं, मग परत नाव वाचलं.

"देवकीबाय, तू वापीला कधी गेली होतीस?"

"नवरा होता तेव्हा. भांडी आणायला."

"तिथे कंपनी काढलीस?"

"कसली?"

"कपड्याची. तुझ्या नावावर कपड्याचा धंदा चाललाय. माल घेतला, माल विकला, टॅक्सवाल्यांना तुझ्या नावाने कागद भरला. तो जुळत नाय, म्हणून ते तुला विचारतायत."

मला हसूच आलं. माझ्या अंगावरचं लुगडं दोन ठिकाणी फाटलेलं, दंड घालून शिवलेलं. "काका, कपड्याची कंपनी असती तर मी हे नेसले असते?"

तो हसला नाही. पान उलटून मागची बाजू वाचायला लागला.

"तीस दिवसांत उत्तर द्यायचंय," तो म्हणाला. "नाय दिलं तर ती तूच, असं धरतील."

"धरून काय करतील? माझ्याकडे आहे काय?"

"पिवळं कार्ड आहे. निराधारचे पैसे येतात. कंपनीवालीला ते कोण देईल?"

मी उभी होते ती खाली बसले. उपाशी राहिलेय मी, त्याची भीती नाही. पण तरुणपणी उपाशी राहणं वेगळं. आता हाडं उरलीत, ती रेशनच्या तांदळावर उभी आहेत.

त्या दिवसापासून रस्त्यावर मोटारसायकल थांबली की मला वाटायचं पोलीस. कोणी "देवकी कुठे राहते" विचारलं की मी मागच्या दाराने निघून जायचे. मी कार्डं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. मग मनात आलं, पुरून काय उपयोग? जी झेरॉक्स गेली ती तर बाहेरच फिरतेय. ती वापीतली दुसरी देवकी कशी दिसत असेल? तिला कोणी काही विचारत नाही, आणि मला विचारतात.

शेडमध्ये गोष्ट कळली. शेवंती चिकू निवडता निवडता म्हणाली, "काय शेठाणी, एखादं पातळ आम्हाला पण द्या की!" बाया खिदळल्या. मी म्हटलं, "शेवंते, त्या कागदावर नंबर नारणचा होता. तुझा नंबर कोणाचा?"

तिचं हसू जागच्या जागी थांबलं. एकेकीचे हात थांबले. चौदा बाया आणि एकीच्याही हातात चिकू हलेना.

नारणला घेरलं. तो घाबरून ओरडला, "मी काय चोर आहे? तळासरीच्या एजंटाने कार्डं काढून दिली. तुमचे मेसेज येऊन येऊन माझा फोन भरायचा, म्हणून ते सिमकार्डच मी त्याला देऊन टाकलं. म्हटलं, तूच सांभाळ बाबा."

काकाने हे ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "चौदा घरांच्या किल्ल्या एका जुडग्यात घातल्या आणि जुडगा रस्त्यावर दिला."

आम्ही दोघं तळासरीला गेलो. एजंटाच्या दुकानाला शटर. शटरच्या फटीतून पाकिटांची टोकं बाहेर आलेली, मला आलं होतं तसलीच, एकावर एक. काका वाकून बघत राहिला. हात लावला नाही, दुसऱ्याचं टपाल. शेजारचा चहावाला म्हणाला, "गेला तो पावसाळ्याआधीच. तुम्ही या आठवड्यातले चौथे."

डहाणूच्या कॉम्प्युटरवाल्याकडे बसलो. काकाने माझं टॅक्सचं खातं शोधलं. नाव माझं, जन्मतारीख माझी. पासवर्ड दुसऱ्याचा. विसरला म्हणून दाबलं, तर मशीनने मेसेज त्या एजंटाकडे गेलेल्या नंबरावर पाठवला. माझंच घर, त्याला दुसऱ्याचं कुलूप, आणि किल्ली मागायला त्याच्याच दारात जायचं.

"आधी आधारवर तुझा स्वतःचा नंबर पाहिजे," काका म्हणाला. "मग त्या वाटेने आत जाता येतं. फोन घे."

"फोन कशाला? तुझाच नंबर टाक की."

आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर खेकसला. "एवढं होऊन अजून दुसऱ्याचाच नंबर? माझा कशाला? मी उद्या मेलो तर?"

मी बटणांचा साधा फोन घेतला. सिमकार्डवाल्याला दिलेल्या झेरॉक्सवर काकाने रेघा मारल्या. या वेळी मी कागद हाताने दाबून धरला.

आधार काढतात तिथे एक मुलगी होती, चांगली होती बिचारी. "आजी, बोट ठेवा. दाबा. जोरात. दुसरं ठेवा." दहाही बोटं झाली. दर वेळी लाल. तिने कापडाने मशीन पुसलं, माझी बोटं पुसली. लाल.

"आजी, तुमच्या बोटांवर रेघाच नाहीत."

पस्तीस वर्षं चिकूचा चीक आणि पाणी. फळाची साल घासून घासून वरचा खरबरीतपणा काढायचा, त्याच्याबरोबर माझ्या रेघा गेल्या. ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मग तिने डोळ्यांना यंत्र लावलं. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. डोळेपण घेईना.

मी तिथे उभी होते. चोराला माझं नाव एका झेरॉक्सवर मिळालं. मी दहा बोटं आणि दोन डोळे घेऊन आले, मला मिळेना. तेव्हा मला खरी भीती वाटली. वाटलं, ती वापीतलीच खरी असेल.

मुलगी म्हणाली, "हातांना आराम द्या. तेल लावा. पंधरा दिवसांनी या, कधी कधी रेघा वर येतात."

तीस दिवसांतले अकरा गेले होते.

बाहेर आल्यावर काका म्हणाला, "उद्यापासून चिकूला हात लावायचा नाय. भांडी राखेने घासायची नाय."

"आणि खाऊ काय? नारण माझ्या जागी दुसरी बाई लावेल, मग ती जागा गेलीच."

तो रिक्षा बघायला पुढे गेला.

सकाळी शेवंती धावत आली. "बाय, चल बघायला! तुझ्या जागेवर काका बसलाय!"

खरंच बसला होता. जुनी खाकी पँट घालून, माझ्या गोणपाटावर. नारणला म्हणाला होता, "देवकीची जागा आहे, मी भरतो." नारणची तोंड उघडायची टाप नव्हती, सिमकार्ड त्यानेच दिलेलं. पण काकाला बसून निवडता येईना. तो उभा राहिला, तीन करंड्या समोर ठेवल्या आणि पोस्टात पत्रं फेकतात तसे चिकू टाकायला लागला. एकेक फळ उचलायचा, फिरवून बघायचा, मग मोठा, मधला, बारका.

शेवंती म्हणाली, "काका, चिकूवर पत्ता नसतो हो."

"असता तर बरं झालं असतं," काका म्हणाला. "कोण कोणाचा ते कळलं असतं."

बाया पोट धरून हसल्या. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातांना चीक चिकटून काळे डाग पडले. रोज संध्याकाळी माझ्या दाराशी यायचा, आत यायचा नाही. "दाखव." मी हात पुढे करायचे. उजेडाला धरून बघायचा. "खोबरेल लाव. अजून लाव." आणि जायचा.

मी घरी बसून होते. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. काम असलं की भीती बाजूला बसते. हात रिकामे असले की ती हातातच येऊन बसते. दर सकाळी मी बोटं बघायचे, शेतात बी उगवलं का बघतात तशी.

सव्विसाव्या दिवशी आम्ही परत गेलो. उजवा हात, सगळी लाल. डावा, अंगठा लाल. पहिलं लाल, मधलं लाल. त्याच्या शेजारचं ठेवलं आणि हिरवं झालं.

"झालं आजी! एक पुरे!" मुलीने टाळी वाजवली.

काका बाकावर बसला आणि चष्मा पुसत राहिला. लवकर संपेचना त्याचं पुसणं.

आधारवर माझा नंबर चढायला अजून दोन दिवस गेले. मग कॉम्प्युटरवाल्याकडे खातं उघडलं. माझ्या फोनवर मेसेज आला, माझ्या! मी टॉवेल मागितला नाही, पण पदर पुढे ओढला. नवा पासवर्ड टाकायचा, तर काकाने पाठ फिरवली. "मला नको सांगू. कोणालाच नको सांगू."

"अरे पण मला इंग्रजी कुठे येतं?"

"तुला वाडी येते ना? ही बटणं म्हणजे झाडांच्या ओळी समज. पहिली ओळ, दुसरी ओळ. तुला आवडतील ती आठ-दहा झाडं निवड. त्यात आकड्यांचीपण घे. क्रम लक्षात ठेव."

मी झाडं निवडली. कुठली ते सांगणार नाही. पण पस्तीस वर्षं ओळी मोजल्यात, माझी चूक होत नाही.

मग पोलिसांत तक्रार. हवालदार म्हणाला, "आजोबा, तुम्ही हिचे कोण?" काकाने हातातले कागद सारखे केले. म्हणाला, "मी हिचं टपाल टाकायचो." हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बरोबर आहे साहेब. तीन पत्रं." तक्रारीच्या कागदासकट तिसाव्या दिवशी काकाने उत्तर भरलं. हे नाव माझं, हा धंदा माझा नाही.

चार महिने काही नाही. त्या चार महिन्यांचं काय सांगू? तांदूळ डब्यात मोजून मोजून घेत होते. मग कागद आला. धंदा माझा धरलेला नाही, चौकशी दुसऱ्या माणसाची चालू आहे. पिवळं कार्ड राहिलं. बाकीच्या तेरा जणींना घेऊन काकाने तेरा वेळा डहाणूच्या खेपा घातल्या. कोणाची पाच बोटं चालली, कोणाचं एकही नाही. शेवंतीला तर महिनाभर तेल लावून बसवलं.

आता फोन. दिवेलागणीला काकाचा फोन यायचा.

"कोण बोलतंय?"

"देवकी."

"कुठली?"

"पाड्यातली. आणि कुठली?"

"फोन तुझ्याकडेच आहे ना?"

"मग बोलतेय कोण?"

"बरं." की बंद.

रोज. त्याचं घर माझ्यापासून चार घरांवर. फोन वाजायच्या आधी त्याचा खोकला ऐकू यायचा. मी वैतागायचे. एकदा म्हटलंपण, "काका, हाक मारली तरी चालेल रे." म्हणाला, "हाकेवरून नंबर चालू आहे की नाय ते कळत नाय."

मागच्या थंडीत त्याला ताप भरला. अंग नुसतं तापलेलं. चष्मा कुठे पडला ते सापडेना. म्हणाला, "माझा फोन घे, रिक्षावाल्याला बोलाव." मी नावांची यादी उघडली. मला तेवढं आता येतं, त्यानेच शिकवलं. माझ्या फोनमध्ये मुलगी आहे, जावई आहे, शेवंती, नारण, रेशनवाला, काका.

त्याच्या फोनमध्ये एकच नाव होतं. मी वर-खाली करून बघितलं. एकच. देवकी.

"काका, यात रिक्षावाला नाही."

"तो पाठ आहे," तो म्हणाला आणि डोळे मिटून आकडे सांगितले.

"तुझा नंबर कोणाकोणाकडे आहे?"

"कशासाठी द्यायचा कोणाला?" मग कूस वळवून म्हणाला, "तुझ्याकडे आहे ना."

रिक्षा आली, डॉक्टरने सुया दिल्या, आठवड्यात तो उठून बसला.

पण आता दिवेलागणीला फोन वाजायला जरा उशीर झाला की माझा जीव वर-खाली होतो. नोटीस आली तेव्हा झाला नव्हता एवढा. चूल तशीच टाकून दारात जाऊन उभी राहते. त्याच्या घरातून खोकला ऐकू आला की आत येते आणि फोन मांडीवर घेऊन बसते.